सपाट पत्र्यातून जावाचं मडगार्ड कसं घडतं

जुनी जावा, येझदी किंवा बुलेट मोटरसायकल पुन्हा उभी करायला घेतली की इंजिन त्या मानाने लवकर मार्गी लागतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, पॉइंट सेट हे सगळं पुण्याच्या नाना पेठेत, नाहीतर दिल्लीच्या करोल बागेत, कुठे ना कुठे मिळतं. गाडी अडते ती पत्र्यापाशी. मडगार्डची कड गंजून चाळण झालेली, टाकीच्या तळाला जागोजागी डाग दिलेले, टूलबॉक्सचं झाकण कधीच गायब. नवे म्हणून मिळणारे भाग बरेचदा पातळ पत्र्याचे निघतात. भोकं जुळत नाहीत, आणि मूळ भागाशेजारी धरले की गोलाई कुठेतरी चपटी दिसते. मग कोणीतरी सांगतं, अमुक गल्लीत एक चाचा आहेत, ते हाताने ठोकून देतात.

ठोकून देतात म्हणजे नेमकं काय करतात? बहुतेकांची समजूत अशी की पत्रा हवा तिथे वाकवतात. वाकवण्याचा भाग असतोच, पण तो किरकोळ. खरं काम वेगळंच आहे, आणि ते एकदा कळलं की चांगलं काम आणि लपवलेलं काम यांतला फरक डोळ्यांना दिसू लागतो.

आधी कारखान्यात काय होत होतं ते पाहू. म्हैसूरची आयडियल जावा ही कंपनी इराणी कुटुंबाने १९६० मध्ये उभी केली आणि १९९६ मध्ये ती बंद पडली. तिथे, किंवा मद्रासला बुलेटच्या कारखान्यात, मडगार्ड आणि टाक्या प्रेसखाली निघत. वर दाबणारा पंच, खाली डाय म्हणजे पोलादी साचा, मध्ये पत्रा. कित्येक टनांचा दाब पडला की भाग तयार. डाय करायला अफाट खर्च येतो, पण हजारो नगांवर वाटला गेला की तो अंगावर येत नाही. आपल्याला हवं असतं एक मडगार्ड. एका नगासाठी डाय कोणी करत नाही, म्हणून हातोडी.

आता एक कागद घ्या. स्टीलच्या पेल्याभोवती तो गुंडाळा: छान बसतो, एकही सुरकुती नाही. तोच कागद नारळाभोवती गुंडाळून पाहा. कडेला चुण्या पडल्याशिवाय बसणारच नाही. पेला एकाच दिशेने गोल आहे, नारळ दोन दिशांनी. एकाच दिशेने गोल असलेला आकार सपाट वस्तूपासून नुसता वाकवून करता येतो. दोन दिशांनी गोल असलेला येत नाही. गाउस या जर्मन गणितज्ञाने हे १८२७ मध्ये सिद्ध केलं, आणि पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर कधीच तंतोतंत का येत नाही, त्याचंही कारण हेच. गॅरेजमधल्या मिस्त्रीला गाउस माहीत असायची गरज नाही. त्याला हातोडीने तेच कळलेलं असतं.

सायलेन्सरची नळी, चेनकव्हरची बाजू, बॅटरीचा डबा हे पेल्याच्या जातीचे भाग. पाइपावर किंवा वाइसमध्ये धरून वाकवले की झाले. मडगार्ड आणि टाकी नारळाच्या जातीचे. मडगार्ड चाकाभोवती गोल आहे आणि आडवं कापलं तरी कमानीसारखं गोल आहे. दोन्हीकडून गोल म्हटलं की पत्र्याचं क्षेत्रफळच बदलावं लागतं: कुठे पत्रा वाढवायचा, कुठे आटवायचा.

आकडे धरून पाहू. समजा मडगार्डचा माथा चाकाच्या मध्यापासून ३३ सेंटीमीटरवर आहे, खालच्या कडा २७ सेंटीमीटरवर, आणि मडगार्ड अर्ध्या वर्तुळाएवढं आहे. माथ्यावरून मोजलं तर लांबी साधारण १०४ सेंटीमीटर येते. कडेवरून मोजलं तर ८५. म्हणजे एकाच पट्टीचा मधला भाग कडेपेक्षा १९ सेंटीमीटर लांब हवा. सपाट पट्टीत तर दोन्ही लांबी सारख्याच असतात.

यातून तीन वाटा निघतात. ८५ सेंटीमीटरची पट्टी घेऊन मधला भाग ठोकून ठोकून वाढवायचा. मग तिथला १ मिलिमीटरचा पत्रा ०.८ च्या आसपास पातळ होतो. किंवा १०४ ची पट्टी घेऊन कडा आटवायच्या. कडा जाड होतात, पण १९ सेंटीमीटर पत्रा आटवणं हे घाम काढणारं काम आहे. जाणता माणूस मधली वाट धरतो. ९४-९५ ची पट्टी घेतो, कडा दहाएक टक्के आटवतो, माथा दहाएक टक्के वाढवतो. माथा थोडा पातळ, कड थोडी जाड. कड जाड झालेली उलट बरीच, कारण इंजिनाच्या थरथरीने मडगार्डला तडा जातो तो कडेपासून नाहीतर बोल्टच्या भोकापासून. जावाच्या पुढच्या मडगार्डच्या बाजू खूप खाली उतरलेल्या आहेत, त्यामुळे तिथे हा फरक आणखी मोठा. घाईत केलेल्या मडगार्डात सगळं काम माथा वाढवूनच उरकलेलं असतं, आणि रंगाखाली ते कोणाला कळत नाही.

पत्रा वाढवायचा कसा, हे समजायला सोपं आहे. चामड्याची जाड पिशवी, आत वाळू किंवा शिशाचे छर्रे. तिच्यावर पत्रा ठेवून गोल तोंडाच्या लाकडी हातोड्याने मारलं की पत्रा खाली बसतो आणि ताणला जातो. पिशवी नसली तर झाडाच्या ओंडक्यात खोलगट खड्डा कोरून त्यावरही हेच होतं, आणि आपल्याकडच्या अनेक गॅरेजांत ओंडकाच असतो. या टप्प्यावर पत्रा बघवत नाही, सगळीकडे खड्डे आणि टेंगळं. बघायला आलेला गाडीमालक इथे हमखास घाबरतो.

दुसरी पद्धत जास्त शिस्तीची. पत्र्याखाली डॉली, म्हणजे हातात मावणारा पोलादी ठोकळा, धरायची आणि वरून बरोबर तिच्यावर पोलादी हातोडी मारायची. दोन पोलादांच्या मध्ये पत्रा चिमटला जातो, पातळ होतो आणि चहूबाजूंनी पसरतो. डॉली मात्र हातोडीच्या शेजारी धरली तर गोष्ट बदलते: हातोडी वर आलेला भाग खाली दाबते, डॉली खाली गेलेला भाग वर ढकलते, पत्रा फारसा वाढत नाही, नुसता जागेवर येतो. दिसायला दोन्ही ठोके सारखेच. फरक ऐकू येतो. डॉलीवर बसलेला ठोका ठण्ण वाजतो, शेजारी बसलेला बद्द. मिस्त्री रेडिओ का बंद करायला लावतो, याचं एक कारण हे. नवशिक्या पोऱ्या पोचा काढायला बसतो आणि प्रत्येक ठोका डॉलीवर मारतो. अर्ध्या तासात पोचा गेलेला असतो, पण पत्रा इतका वाढलेला असतो की अंगठ्याने दाबला की टक्कन आत जातो आणि सोडला की टक्कन बाहेर येतो. डेंटिंगवाले म्हणतात, "पत्रा वाढला." त्या जागी पत्रा जास्त झालाय आणि त्याला बसायला जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विलायतेत या कामाला इंग्लिश व्हील नावाचं यंत्र वापरतात. वर सपाट चाक, खाली किंचित फुगीर चाक, मध्ये दाबात धरलेला पत्रा पुढेमागे फिरवायचा. काम तेच, पत्रा चिमटून वाढवणं. फक्त ठोक्यांचे डाग पडत नाहीत. आपल्याकडे ते क्वचित दिसतं, आणि मडगार्डच्या रुंदीला त्याच्यावाचून फारसं अडतही नाही.

आटवणं अवघड. वाढवताना पत्र्याला पळायला मोकळं रान असतं, आटवताना त्याला गोळा करून आपल्यातच कोंबायचं असतं. कडेला मुद्दाम चुण्या पाडतात, शर्टाच्या बाहीला प्लेट घालतात तशा, आणि चुणी उलगडू न देता जिथल्या तिथे ठोकून बसवतात. चुणीतला पत्रा जाईल कुठे? कड आखूड होते आणि जाड होते. चुणी चुकून आडवी पडून घडी झाली की तिथे तडा ठरलेला. श्रिंकर नावाचं छोटं यंत्र मिळतं. त्याचे दात पत्र्याला दोन्हीकडून पकडून जवळ ओढतात. काम झटपट होतं, पण दातांचे ओरखडे मागे राहतात आणि ते कानस मारून काढावे लागतात.

मधोमध वाढलेला पत्रा आटवायला कड हाताशी नसते. तिथे आग लागते. गॅसच्या ज्योतीने एक-दोन रुपयांच्या नाण्याएवढा ठिपका लालबुंद करायचा. लोखंड तापलं की पसरतं, एक मीटरला दर १०० अंशांमागे साधारण १.२ मिलिमीटर. पण ठिपक्याभोवतीचा पत्रा थंड आणि कडक आहे, तो पसरू देत नाही. मऊ झालेला ठिपका मग आडवा पसरण्याऐवजी जाडीत फुगतो. तेवढ्यात दोन-चार हलके ठोके मारून तो बसवायचा आणि ओलं फडकं लावायचं. थंड होताना तो आकसतो, आणि जाडीत गेलेलं आडवं परत येत नाही. झालं, पत्रा आटला. ठिपका मोठा केला तर मात्र आजूबाजूचाच पत्रा वेडावाकडा होतो, म्हणून लहान ठिपके, लांब लांब, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये धीर.

पत्रा ठोकताना कडक होत जातो, हे पुण्याच्या तांबट आळीत उभं राहून कोणालाही पाहता येतं. कसबा पेठेतले तांबट घंगाळं, हंडे मठारतात. ठोक्यांनी तांबं चकाकतं आणि ताठही होतं, पण मधल्या टप्प्यावर ते इतकं ताठतं की पुढे ठोकलं तर फाटेल. मग ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करून घेतात. मोटरसायकलच्या कामात ही गरज सगळ्यात जास्त अॅल्युमिनियमला लागते. अडचण अशी की अॅल्युमिनियम लाल होत नाही. ६६० अंशांना ते वितळतं आणि तोवर रंग बदलत नाही. आत्ता होतं आणि आत्ता भोक पडलं, अशी गत. म्हणून पत्र्यावर कपडे धुण्याचा साबण घासतात आणि मागून ज्योत फिरवतात. साबण तपकिरी होऊन काळपट पडला की पत्रा मऊ झाला, थांबायचं. दुसरी रीत म्हणजे ऑक्सिजन बंद ठेवून नुसत्या ॲसिटिलीनच्या धुराची काजळी पत्र्यावर धरायची आणि मग साध्या ज्योतीने ती जाळून टाकायची. काजळी उडाली की उष्णता पुरेशी झाली.

अॅल्युमिनियमचा सोस शर्यतीच्या गाड्यांचा. लोखंडाच्या तुलनेत ते एक तृतीयांश वजनाचं, म्हणून नॉर्टन मँक्स, बीएसए गोल्ड स्टार अशा गाड्यांच्या टाक्या त्याच्या असत. १९५०च्या दशकात इटलीच्या मोटो गुझीने आपल्या आठ सिलिंडरच्या शर्यती गाडीवर तर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, हाताने ठोकलेलं, पुढचं सबंध चाक झाकणारं फेअरिंग, म्हणजे वारा कापणारं आवरण, चढवलं होतं. पुढचं चाक झाकणारी ही फेअरिंगं १९५८ पासून शर्यतींतून बाद झाली. आपल्या रस्त्यावरच्या जावाला, बुलेटला लोखंडच हवं. २० गेजचा पत्रा म्हणजे ०.९ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२. विकत घेताना सीआर, म्हणजे थंड लाटलेला, पत्रा मागा, आणि दुकानदाराकडे असेल तर डीडी किंवा ईडीडी प्रतीचा. तो खोल ओढायच्या कामासाठीच बनवलेला असतो, लवकर फाटत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पांढरा जीपी पत्रा स्वस्त पडला तरी नको. त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने धूर होऊन उडतं आणि तो धूर फुप्फुसात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

माप कसं घ्यायचं

मूळ भाग गंजलेला का असेना, फेकू नका. त्याच्या चांगल्या अंगावर आधी मास्किंग टेपचा थर द्यायचा, वर आडवा-उभा पॅकिंग टेप. मग सगळं सालीसारखं सोलून काढायचं आणि चिकट अंगाला टाल्कम पावडर चोळायची. हाताला येतं ते मऊ, लोळागोळा होणारं एक कातडं. ते निरुपयोगी वाटेल, पण मूळ भागावर कुठे किती पत्रा आहे याचा पूर्ण हिशेब त्यात आहे. ठोकलेल्या पत्र्यावर ते पसरायचं. जिथे ते सैल पडतं तिथे पत्रा अजून कमी आहे, वाढवा. मधोमध चपखल बसून कडेला झालर पडत असेल, तर मध्ये पत्रा जास्त झालाय नाहीतर कड आटलेली आहे. उलटं केलं की तेच कातडं टाकीच्या दुसऱ्या बाजूला चालतं; डावं उजवं वेगळं माप घ्यायला नको.

फक्त एक ध्यानात ठेवायचं. हे कातडं क्षेत्रफळ सांगतं, बाक सांगत नाही. पत्र्यात हवा तेवढा पत्रा आला तरी तो चुकीच्या बाकात उभा असू शकतो. बाकासाठी फर्मी, म्हणजे पुठ्ठ्यातून किंवा पातळ प्लायमधून कापलेले बाकाचे नमुने, लागतात, दर दहा सेंटीमीटरला एक. क्षेत्रफळ जमलेलं असेल तर नुसत्या हाताने दाबून, मांडीवर घेऊन वाकवूनही मडगार्ड फर्म्यात बसतं. क्षेत्रफळच जमलेलं नसेल, तर एका फर्म्यात बसवताना शेजारच्या फर्म्यातून सुटतं, आणि माणूस दिवसभर तेच खेळत बसतो. अशा वेळी दाबादाबी थांबवून पुन्हा कातडं घालून पाहायचं.

टाकीत आणखी एक गुंता असतो. वरचा फुगवटा नारळाच्या जातीचा, पण गुडघ्याजवळ पत्रा आत वळतो आणि तिथे घोड्याच्या खोगिरासारखा आकार येतो: एका दिशेने वर, दुसऱ्या दिशेने खाली. खोगिराचा हिशेब उलटा. तिथे कडा लांब हव्यात आणि मध्य आखूड. फुगवट्याची सवय झालेला हात खोगिरातही मधोमधच ठोकत राहतो, आणि जितकं ठोकावं तितकं ते बिघडत जातं. म्हणून टाकी एका तुकड्यात करायचा हट्ट कोणी धरत नाही. दोन बाजू, माथा, आणि फ्रेमचा पाइप जातो तो मधला बोगदा असे तुकडे वेगळे घडवून जोडतात.

जोड द्यायचा तो कडेला कड भिडवून. एकावर एक चढवून जोडलेल्या पत्र्याच्या फटीत पाणी साचतं आणि गंज आतून सुरू होतो. गॅस वेल्डिंग किंवा आर्गन वेल्डिंगचा जोड मऊ राहतो, त्याला नंतर ठोकून सारखं करता येतं. सीओटू वेल्डिंगचा जोड झटपट होतो, पण कडक असतो. वेल्डिंग थंड होताना आकसतं, जोडाच्या रेषेत पत्रा आटतो आणि दोन्ही बाजू आत ओढल्या जातात. डॉलीवर धरून तो जोड पुन्हा तेवढाच वाढवला की पत्रा जागेवर येतो.

शेवटचा हात फिरतो तो मठारायचा. डोळ्यांपेक्षा बोटं बरी, आणि बोटांपेक्षा पातळ सुती हातमोजा घातलेली बोटं, कारण कापड पत्र्यावरून सरकतं आणि खाचखळगे जाणवतात. मग लांब कानस एकदाच हलकी फिरवायची. जिथे ती लागते तिथे चकाकी येते, खोलगट जागा काळसर राहतात. त्या जागा खालून उचलायच्या आणि पुन्हा कानस फिरवायची. ट्यूबलाइटची सरळ रेघ पत्र्यावर न तुटता वाहिली की झालं.

इथेच कामं फसतात. खोलगट जागा उचलण्यापेक्षा लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, भरणं सोपं आणि स्वस्त. "शेठ, लांबी मारून देतो, कळणार पण नाही," हे वाक्य जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने ऐकलेलं असतं. पातळ लांबीला माझी हरकत नाही. रंगाखाली अर्धा मिलिमीटर लांबी चांगल्यातल्या चांगल्या कामातही असते. पाव इंच जाड थर मात्र बुलेटच्या थरथरीने दोन पावसाळ्यांत तडकतो. आणि जावाच्या टाकीच्या क्रोम केलेल्या बाजूंना लांबी चालतच नाही. क्रोम विजेने चढतं, लांबीतून वीज जात नाही. शिवाय निकेल आणि क्रोमचा सगळा थर मिळून काही मायक्रॉनचा, तो खड्डा भरून काढत नाही, उलट चकाकून दाखवतो. मिस्त्रीचा हात पारखायचा असेल तर त्याने केलेली क्रोमची टाकी बघायला मागा.

टाकीला आग लावण्याआधी

जुन्या टाकीला वेल्डिंग करताना माणसं मेली आहेत, म्हणून हे थोडं सविस्तर. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेटते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या, नुसता वास येणाऱ्या टाकीत मात्र नेमकं हे प्रमाण साधलेलं असू शकतं. म्हणजे रिकामी टाकी जास्त धोक्याची. वर्षभर कोरडी पडलेली टाकीही सुरक्षित धरू नये, गंजाच्या पापुद्र्यांत आणि जोडाच्या फटींत पेट्रोल दडून राहतं आणि तापल्यावर वाफ होऊन निघतं. गरम पाणी आणि साबणाने अनेकदा खळबळून धुवायची, मग जिथे वेल्डिंग करायचं तेवढी जागा सोडून पाण्याने भरायची, किंवा आतली हवा आर्गनने पूर्ण हाकलून लावायची. मिस्त्री यातलं काही न करता टॉर्च पेटवू लागला तर टाकी उचलून घरी या.

जोडकाम झालं की गळती पाहायची. तोंडं बंद करून आत थोडी हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला तिथे भोक. हवा अगदी थोडी, दोन-तीन पीएसआय. टाकीची बाजू ३० सेंटीमीटर बाय २० धरली तर तीन पीएसआयलाही तिच्यावर सव्वाशे किलोचा दाब पडतो. टायरच्या सवयीने कोणी तीस पीएसआय भरली तर तो साडेबाराशे किलोच्या घरात जातो, आणि दोन आठवडे घडवलेला आकार फुग्यासारखा फुगून बसतो.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते पाणी तळाशी बसतं आणि कोरा लोखंडी तळ आतून गंजतो. त्यामुळे नवी टाकी आतून कोरडी करून लगेच तेल फिरवून ठेवा, आणि आतून लायनिंग करायचं ठरलं तर ते इथेनॉल सोसणारं आहे ना हे आधी विचारा. फायबरग्लासची टाकी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, इथेनॉलने तिचं रेझिन मऊ पडतं.

काम ताब्यात घ्यायचं ते रंग लावण्याआधी, कोऱ्या पत्र्यावर. मडगार्डच्या आतल्या बाजूने हात फिरवा. बाहेरून गुळगुळीत आणि आतून खड्डे असतील तर मधल्या जागेत लांबी आहे. कडेला तार घालून वळवलेली आहे का पाहा, नुसती कापून सोडलेली कड हात कापते आणि तडकतेही. रंग झालेलाच भाग घ्यावा लागला तर खिशात फ्रिजवरचा छोटा चुंबक ठेवा. कागदाचा तुकडा मध्ये धरून तो सगळीकडे फिरवायचा. जिथे तो पकड सोडून घसरतो, तिथे रंगाखाली लांबी जाड आहे, आणि भाव ठरवायची हीच वेळ.